परमुलखातला सडा

रत्नागिरीत राहणारा माणूस समुद्र बघायला जात नाही. समुद्र असतो, जसं घरात एखादं वडीलधारं माणूस पडवीत बसलेलं असतं. त्याचा खोकला ऐकू येतो, येता-जाता त्याच्यावर नजर पडते, पण त्याच्यासमोर खुर्ची मांडून कोणी त्याच्याकडे बघत बसत नाही. बघायला येतात ते पाहुणे. जोडून सुट्ट्या आल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या आमच्या आळीत वाट चुकतात, काच खाली होते आणि आतून विचारणा होते, "मावशी, थिबा पॅलेस कुठे?" किंवा "मावशी, चांगले मासे कुठे मिळतील?" चाळीस वर्षं मी या प्रश्नांची उत्तरं देत आले आहे आणि खरं सांगायचं तर बरीचशी तुटकपणे दिली आहेत. यांना यांच्या घरी बसवत का नाही, एवढे पैसे खर्च करून ही माणसं भिजायला का येतात, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

म्हणून तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या अखेरीस, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हिटबी नावाच्या गावात, खांद्याला पाण्याची बाटली अडकवून, जाळी सारखी करत बसलेल्या एका म्हाताऱ्याला "चांगले मासे कुठे मिळतील?" असं मीच विचारत होते, तेव्हा आमची भगवती देवी किल्ल्यावर बसून तोंडाला पदर लावून हसली असणार. म्हाताऱ्याने उत्तर दिलं. तुटकपणे दिलं. मला ते ओळखीचं वाटलं.

मुलगा लीड्सला असतो. गणपतीला परत यायचं तिकीट हातात होतं आणि मधे आठवडा मोकळा होता. "आई, बाबा, चार दिवस समुद्रावर जाऊ," असं तो म्हणाला, तेव्हा यांनी पेपर खाली ठेवून त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू भाताच्या शेतात राबून आलेल्या माणसाला कोणी करमणूक म्हणून लावणी लावायला बोलावत होतं. "समुद्रावर? मग आम्ही आलो कुठून?" पण नातीने आधीच फावडं आणि बादली भरून ठेवली होती, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या बादलीपुढे कोणाचंही काही चालत नाही.

लीड्सहून व्हिटबीला एक दुमजली बस जाते. २०१८ साली तिथल्या लोकांनी तिला देशातल्या सर्वांत देखण्या बसमार्गाचा कौल दिला होता. एस.टी.च्या बाबतीत असा कौल घ्यायचा झाला तर आमच्या आंबा घाटाला निम्मी मतं भीतीची पडतील, ते असो. वरच्या मजल्यावर, अगदी पुढची जागा मिळाली. पिकरिंग नावाचं गाव मागे पडलं आणि झाडं एकाएकी संपली. समोर नुसती उघडी, लाटा-लाटांची जमीन, आणि ती जांभळी. कोणी निवांतपणे, कुठेही घाई न करता, क्षितिजापर्यंत जांभळा रंग सांडत गेलं होतं. ते हेदरचं झुडूप. गुडघ्याएवढंसुद्धा नसतं, पण ऑगस्टात सगळं मिळून एकदम फुलतं. सून म्हणाली, "आई, याला मूर म्हणतात." मी काही बोलायच्या आतच हे आपल्या जागेवर सरसावून बसले आणि म्हणाले, "मूर कसला! हा सडा आहे."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सडा म्हणजे अंगणात शिंपतात तो नव्हे. डोंगर चढून गेलं की वर जी कातळाची सपाट, उघडी, वाऱ्याला दिलेली जमीन लागते, तो सडा. उन्हाळ्यात तिथे पाऊल ठेववत नाही. काळा दगड, करपलेलं गवत आणि एखादी रापलेली म्हैस. पण पाऊस पडून महिना झाला की त्याच कातळावर सीतेची आसवं निळी होऊन उभी राहतात, पांढरे गेंद डोलू लागतात, तेरड्याचं तर विचारूच नका. आम्ही रत्नागिरीची माणसं त्या फुलांतून एस.टी.ने कामाला जातो आणि बसमध्ये डुलक्या काढतो. तीन-साडेतीन तासांच्या त्या इंग्रजी बसमध्ये मात्र आम्ही दोघांनी पापणी लवू दिली नाही. हातात तिकीट आणि पाठीमागे विमानाचा खर्च असला की फुलं अधिक जांभळी दिसतात.

मधेच या जांभळ्या अंगावर काळपट, चौकोनी ठिगळं दिसू लागली. मुलाने सांगितलं, रेड ग्राउज नावाचा पक्षी कोवळे धुमारे खातो, म्हणून राखणदार लोक हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात, की त्या जागी नवी पालवी फुटावी. आणि मग बारा ऑगस्टपासून त्याच पक्ष्यांची शिकार. "म्हणजे भाजावळ!" हे एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या बाकावरची बाई दचकली. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. पुढे रस्त्याच्या कडेला एक भलामोठा खड्डा लागला, अख्खं खोरं कोणी वाटीने काढून घेतल्यासारखा. त्याचं नाव होल ऑफ हॉरकम. वेड नावाच्या राक्षसाने बायकोवर चिडून मूठभर माती उचलून तिला मारली, तो हा खड्डा, अशी तिथली कथा. आमच्याकडे हे काम पांडवांनी एका रात्रीत केलं असतं, आणि तेही बायकोशी न भांडता. त्या माळावर एका ठिकाणी २००३ साली मोठा वणवा लागला, झुडपं जळून गेली आणि खालून हजारो वर्षांपूर्वीचे कोरीव दगड उघडे पडले, हे मुलाने फोनवर वाचून दाखवलं. मला एकदम उक्षीच्या सड्यावरचा कातळात कोरलेला हत्ती आठवला. तो मी फोटोत पाहिला आहे. घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे.

व्हिटबीत आम्ही उतरलो होतो ते एका विधवा बाईचं घर होतं. वर चार खोल्या, खाली न्याहारी. पहिल्याच सकाळी तिने यांच्या पुढ्यात बशी ठेवली आणि विचारलं, "आणखी एक टोस्ट हवा का, लव्ह?" हे अडुसष्ट वर्षांचे. त्यांना या नावाने आजवर कोणी हाक मारलेली नव्हती, मी तर नाहीच नाही. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग नको असलेला टोस्ट मुकाट्याने खाल्ला. यॉर्कशरात दुकानदार, बसवाला, फुलवाली सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणतात, त्यात काही नसतं, असं सुनेने हलक्या आवाजात समजावलं. आमच्याकडे मच्छीवाली "घे गो बाय" म्हणते, त्यातलाच तो प्रकार. पण हे चारही दिवस न्याहारीला भांग पाडून उतरत होते, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

गाव एस्क नदीने मधोमध चिरलेलं. दोन्ही बाजूंना कडे, खाली होड्या, जाळी, धुरावर भाजलेल्या हेरिंगचा वास. पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे, कारण कधीकाळी हे गाव देवमासे मारून श्रीमंत झालं. आणि कॅप्टन कूकचा पुतळा आहे, कारण तो पोरवयात इथेच जहाजाचं काम शिकला आणि ज्या एन्डेव्हरवरून तो जग फिरला, ती मुळात इथे बांधलेली कोळशाची बोट. यांना कूकमध्ये फारसा रस नव्हता. यांची तक्रार सूर्याबद्दल होती. रत्नागिरीत सूर्य समुद्रात बुडतो. माणसाचा दिवस कसा नीट मिटतो. इथे तो समुद्रातून वर आला आणि संध्याकाळी आमच्या पाठीमागे, सड्याच्या बाजूला, कोणाला न सांगता निघून गेला. हे बराच वेळ रिकाम्या पाण्याकडे बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "उलटा लावलाय."

पूर्वेच्या कड्यावर मठाचे अवशेष आहेत. तिथे जायला १९९ पायऱ्या. प्रत्येक जण त्या मोजत चढतो आणि कोणाचाच आकडा जुळत नाही; आमच्या घरात नातीच्या दोनशे एक झाल्या, मुलाच्या एकशे अठ्ठ्याण्णव, आणि यांच्या एकशे चौऱ्याऐंशी, कारण मधे बाकावर बसून उठल्यावर ते कुठे होतो ते विसरले. ते बाक फार सोयीचे आहेत. मी त्यावर टेकून सुस्कारा सोडला तेव्हा मुलाने सांगितलं की पूर्वी वरच्या चर्चमध्ये शवपेटी नेताना खांदेकऱ्यांना पेटी टेकवून दम घेता यावा, म्हणून ती सोय आहे. मी उठले. हे बसून राहिले. "आपली सोय कोणी करून ठेवली असेल तर नाही म्हणू नये," असं त्यांचं मत पडलं.

वर मात्र बोलणं आपोआप थांबतं. छप्पर नसलेल्या भिंती, त्यांच्या रिकाम्या उंच खिडक्यांतून दिसणारा समुद्र, आणि वाऱ्याने अक्षरं चाटून टाकलेली थडगी. ६५७ साली हिल्डा नावाच्या साध्वीने इथे मठ सुरू केला. तिचा तो मठ पुढे डेनिश लुटारूंच्या काळात गेला. हे आज उभे असलेले अवशेष नंतरच्या मठाचे, जो १५३९ साली आठव्या हेन्रीने बंद करवला. पण मी रमले ती ६६४ सालच्या एका भांडणात. त्या मुलखाचा राजा ओस्विऊ आयरिश साधूंच्या गणिताने ईस्टर पाळायचा आणि केंटहून आलेली त्याची राणी रोमच्या गणिताने. त्यामुळे एखाद्या वर्षी असं व्हायचं की राजाचा उपास सुटून तो मेजवानीला बसलेला आणि त्याच वाड्यात राणीचा उपास अजून चालू. शेवटी हिल्डाच्या मठात सभा भरली. दोन्ही पक्षांनी पुरावे मांडले. राजाने ऐकून घेतलं आणि विचारलं, स्वर्गाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत? पीटरकडे, असं दोन्ही बाजूंनी कबूल केलं. मग राजा म्हणाला, दार उघडणाऱ्याशी मी वैर घेणार नाही. आणि रोमचं गणित जिंकलं. हिल्डा हरलेल्या बाजूची होती, पण तिने निर्णय मानला.

हे ऐकून मी त्या पडक्या भिंतीला टेकून हसत राहिले, कारण माझं माहेर दाते पंचांगाचं आणि सासर टिळक पंचांगाचं. टिळकांच्या गावात हे सांगायला नको. अधिक महिन्याच्या हिशेबात फरक पडला की आमचे गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतात. लग्नानंतरच्या अशाच एका वर्षी मी सासरी गणपती बसवला, मोदक केले, विसर्जन करून डोळे पुसले आणि पुढच्या महिन्यात माहेरी जाऊन पुन्हा त्याच बाप्पाचं स्वागत केलं. आई म्हणाली, "तुमचा येऊन गेला, आमचा आता येतोय." तिच्या आवाजात किंचित शंका होती की आधी आलेला खरा की नंतरचा. आमच्याकडे कोणी सभा भरवली नाही. किल्ल्या कोणाकडे आहेत ते कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी फक्त एवढंच म्हटलं होतं, "दोनदा मोदक खायला मिळतात, तर बिघडलं कुठे?" राजा ओस्विऊला अशी सासू असती तर ही हकीकत लिहून ठेवणाऱ्या बेडला पुस्तकात लिहायला एक प्रकरण कमी पडलं असतं.

चर्चच्या आवारात लोक ड्रॅक्युलाचं थडगं शोधत फिरतात. ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात इथे सुट्टीला आला होता, गावच्या वाचनालयात त्याला ते नाव सापडलं, आणि १८९७ साली आलेल्या कादंबरीत त्याने त्या सरदाराला फुटलेल्या जहाजातून कुत्र्याच्या रूपात इथेच उतरवलं. तो कुत्रा थेट याच कड्याकडे धावला, पायऱ्या न मोजता. चर्चवाल्यांना शेवटी पाटी लावावी लागली की इथे असं थडगं नाही, कृपया विचारू नये. कोकणात भुतांना काय तोटा आहे? देवचार आहेत, मुंजे आहेत, वेताळाची तर रीतसर पालखी निघते. पण भुतामुळे कोणाचं लॉज चाललेलं मी ऐकलं नाही. बंद पडलेली दोन ठाऊक आहेत. नंतर एक गंमत लक्षात आली. स्टोकरला ज्यावरून सुचलं, ते खरं रशियन जहाज व्हिटबीच्या वाळूत रुतलं १८८५ साली. त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि दुसऱ्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवलं. तो १९१६ साली वारला, तोवर इथला समुद्र बघत बसला. व्हिटबीला समुद्राने एक खोटा सरदार दिला आणि आम्हाला खरा राजा. खोट्याचे टी-शर्ट मिळतात.

गावातल्या गल्ल्यांत काळ्या जेटचे दागिने विकतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं लाकूड दबून त्याचा हा चकचकीत काळा दगड झालेला. १८६१ साली नवरा वारल्यावर व्हिक्टोरिया राणीने शोकात काळे दागिने घातले आणि या गावाची चांदी झाली. दुकानातली मुलगी समजावून सांगत होती की हे मणी त्या काळी विधवा घालत, आणि बोलता बोलता तिची नजर माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेली. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. मी घाईघाईने बाजूला उभ्या असलेल्या यांच्याकडे बोट दाखवलं. हे तेव्हा एका खोक्यात हात घालून दगड उलथेपालथे करत होते.

ते दगड ॲमोनाइटचे होते. गोगलगाईसारखी वेटोळी, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव, आता दगड. तिथली कथा अशी की कड्यावर साप फार माजले होते, ते हिल्डाने मंत्रून दगड केले. डोकी नसल्याचं पाहून जुन्या कारागिरांनी काही दगडांवर सापाची डोकी कोरूनही विकली. श्रद्धेची सोय बाजार नेहमीच करतो. यांनी त्यातला एक उचलला, तळहातावर ठेवला आणि गप्प झाले. मीही बघितलं. आमच्या देवघरात शाळिग्राम आहे, यांच्या पणजोबांनी काशीहून आणलेला. गंडकी नदीतला काळा गोटा, आणि त्याच्या पोटात चक्र. ते चक्र म्हणजे हेच वेटोळं. रोज सकाळी मी ज्याला आंघोळ घालते, तुळस वाहते, तो आणि हा खोक्यातला पाच पौंडांचा दगड, एकाच कुळातले. "इथे साप झाला आणि आपल्याकडे विष्णू," मी म्हटलं. हे जरा वेळाने म्हणाले, "त्यात काय? विष्णू तरी झोपतो कुठे, शेषावरच ना." आणि पाकीट काढलं.

शेवटच्या दुपारी मासे खाल्ले. यॉर्कशरात ते गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे, म्हणून मुलगा तीन दुकानांत विचारत फिरला आणि चौथ्यातून तेलात तळलेला हॅडॉक घेऊन आला. धक्क्यावर बसलो. हातभर लांब मासा, जाड पिठाची चादर ओढलेला, आत पांढराशुभ्र, एकही काटा नाही. "कोकमाचा हात लावला असता तर..." हे सुरुवात करत होते, तोवर पाठीमागून पांढरं काहीतरी आलं, वाऱ्याचा फटका बसला आणि यांच्या बोटांतला अर्ध्याहून अधिक मासा घेऊन सीगल दिव्याच्या खांबावर जाऊन बसला. नात किंचाळली, मुलाने हात झटकले. सगळीकडे पाट्या होत्याच की पक्ष्यांपासून जपा. मी यांच्याकडे बघितलं. आता काहीतरी जोराचं ऐकायला मिळणार. पण हे रिकामी बोटं तशीच धरून खांबाकडे बघत होते. आमच्याकडे पंधरवड्यात कावळ्याची किती मनधरणी करावी लागते. पान ठेवून तास तास उभं राहायचं, अमुक करीन, तमुक करीन अशी वचनं द्यायची, तरी तो कौलावर बसून मान फिरवतो. आदल्या वर्षी मामंजींच्या पानाला तो दुपारी दोनपर्यंत शिवला नव्हता. मामंजी मासे खाणारे. शेवटची दोन वर्षं त्यांना काटे निवडता येत नव्हते, मी निवडून द्यायचे, तरी एखादा लागायचाच.

सीगलने मान वर करून शेवटचा घास गिळला. हे हळूच म्हणाले, "बिनकाट्याचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावरून धुकं आलं, त्याला तिथे फ्रेट म्हणतात, आणि मठ, कडे, पायऱ्या सगळं पुसून गेलं. बसच्या काचेतून फक्त जांभळ्याचा अंदाज येत होता. घरमालकिणीने दारात उभं राहून "परत या, लव्ह" म्हटलं, ते कोणाला उद्देशून होतं याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

गणपतीला घरी पोहोचलो. विसर्जन झालं आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी हे चप्पल घालून म्हणाले, "चल, किल्ल्यावर जाऊन येऊ." चाळीस वर्षांत आम्ही भगवतीला गेलो ते नवरात्रात, गर्दीत, दर्शनापुरतं. या वेळी नुसतेच गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. खाली मुंबईच्या गाड्या लागल्या होत्या आणि एका मुलीने मला विचारलं, "मावशी, वर बघण्यासारखं काय आहे?" मी तिला दहा मिनिटं सांगितलं, ती बिचारी शेवटी घड्याळ बघू लागली. मग आम्ही पायऱ्या मोजत चढलो. यांचा आणि माझा आकडा सातने चुकला. तेव्हापासून चार वेळा जाऊन आलो, अजून जुळलेला नाही.